लहान नमुना, मोठी भिंत



मस्तगडातील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे, की मातीच्या गिलाव्यात भुसा कालवावा लागतो. नुसती माती वाळली की तडकते. भुशाचे धागे तडा धरून ठेवतात. हीच युक्ती सिरॅमिकमध्ये बारीक तंतू घालून करतात. २०१६ पासून प्रवासी विमानांच्या काही इंजिनांत असे भाग बसविलेले आहेत.

आता प्रश्न असा, की प्रयोगशाळेतील लहान नमुना जेवढा ताण सोसतो, तेवढाच मोठा भाग सोसेल काय? नेहमीच नाही. ठिसूळ पदार्थ आपल्या सर्वांत कमजोर जागी तुटतो, आणि आकार वाढला की अशी जागा असण्याचा संभव वाढतो. स्वीडनच्या वायबुल यांनी १९३९ साली याचे गणित मांडले. तंतूंमुळे हा फरक कमी होतो, पण नाहीसा होत नाही; कारण लांब तंतूतही कमजोर जागा अधिक सापडतात. उलट नमुना फारच अरुंद कापला, तर कडेचे तंतू तुटून निकाल फसवा येतो.

म्हणून मुलांनो, कोणी मजबुतीचा आकडा सांगितला, तर नमुना केवढा होता, हे अवश्य विचारा. उद्या तुम्ही इंजिनियर व्हाल, तेव्हा त्या एका प्रश्नावर कोणाचा तरी जीव अवलंबून असेल.