सदाफुलीचे वाण
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टर नव्हे. मॅट्रिक होऊन खेड्यापाड्यांतील मुलांस अक्षरओळख करून देण्यात ज्याचे आयुष्य गेले असा एक निवृत्त शिक्षक. तेव्हा औषधी वनस्पतींवर बोलण्याचा आम्हांस अधिकार काय, असे कोणी विचारल्यास उत्तर देणे कठीण आहे. तथापि याच व्यासपीठावरून आम्ही एकदा त्या विषयावर बोललो आहोत, आणि त्या वेळी सांगितलेले काही परत घ्यावयाचे आहे. म्हणून चिटणीसांकडे आपण होऊन वेळ मागितला.

आपणांस स्मरत असेल, 2022 च्या संक्रांतीस महिला शाखेने हळदीकुंकवाचे वाण म्हणून सदाफुलीची चाळीस रोपे वाटली. कल्पना आमची होती. रोज सकाळी पाच पाने चावून खाल्ल्यास मधुमेह हटतो, असे आम्ही त्या प्रसंगी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले. एका वृत्तपत्रातील कात्रणापलीकडे आमच्याजवळ आधार नव्हता.

आमच्या थोरल्या वहिनींनी ते मनावर घेतले. त्या पाने खाऊ लागल्या, आणि आम्हांस न सांगता साखरेच्या गोळ्या बंद केल्या. 2023 च्या पावसाळ्यात त्यांच्या पायास चप्पल लागून फोड आला. तो चिघळला. रुग्णालयात नेले तेव्हा रक्तातील साखर चारशेच्या वर गेली होती. उजव्या पायाची दोन बोटे काढावी लागली. आम्ही खाटेजवळ मान खाली घालून उभे होतो. त्या म्हणाल्या, "भाऊजी, पाने तुम्ही सांगितलीत, पण गोळ्या मी सोडल्या. दोष वाटून घेऊ." इतका मनाचा मोठेपणा आमच्या ठायी असता की नाही, देव जाणे.

त्यानंतर आम्ही जे आधी करावयास हवे होते ते केले, म्हणजे वाचले. सदाफुलीची हकीकत खरोखर विलक्षण आहे. हे झाड मूळचे आपले नव्हे, मादागास्करचे. पूर्वी त्यास शास्त्रीय नाव विंका रोझिया असे होते. आज कॅथरँथस रोझियस म्हणतात. वेस्ट इंडीजमधील जमैका बेटात मधुमेहावर याच्या पानांचा काढा घेत. 1952 साली तेथून पंचवीस पानांचे एक पाकीट कॅनडातील डॉ. क्लार्क नोबल यांजकडे आले. त्यांनी ते आपले बंधू डॉ. रॉबर्ट नोबल यांच्या स्वाधीन केले. रॉबर्ट यांनी तो काढा उंदरांस पाजून पाहिला. साखर काही उतरली नाही. मग अर्क शिरेतून टोचला, तेव्हा उंदीर आठवड्याच्या आत जंतुसंसर्गाने मरू लागले. दुसऱ्या एखाद्याने तेथेच काम गुंडाळले असते. परंतु त्यांनी रक्त तपासले, तो पांढऱ्या पेशी कमालीच्या घटलेल्या! ज्या पदार्थाने पांढऱ्या पेशी मरतात, तो त्या पेशी बेसुमार वाढणाऱ्या रोगावर चालेल काय, हा विचार तेथे सुचला. चार्ल्स बीअर या रसायनज्ञांच्या साह्याने 1958 च्या सुमारास व्हिनब्लास्टिन हाती आले. पुढे अमेरिकेत त्याच झाडातून व्हिन्क्रिस्टिन मिळाले आणि 1963 साली ते रुग्णांस देण्यास तेथील सरकारची संमती मिळाली. पेशीचे विभाजन होताना जे सूक्ष्म धागे तयार व्हावे लागतात, ते ही द्रव्ये होऊ देत नाहीत. पूर्वी ज्या रक्ताच्या कर्करोगाने मुले हटकून दगावत, त्यांतील प्रमुख प्रकारात व्हिन्क्रिस्टिन व त्याच्या जोडीची इतर औषधे देऊन आज प्रगत देशांत दहांतील नऊ मुले वाचतात.

म्हणजे जमैकातील लोकांचे ऐकले हे योग्य झाले, आणि ऐकलेले तपासले म्हणून मुले वाचली. आम्ही ऐकले तेवढे.

आता मात्रेचे पाहा. व्हिन्क्रिस्टिन मोठ्या माणसासही एका वेळी सामान्यतः दोन मिलिग्रॅमहून अधिक देत नाहीत, आणि तेही केवळ शिरेतून. चुकून पाठीच्या कण्यात टोचले गेल्यास तेच औषध प्राण घेते. एक ग्रॅम व्हिनब्लास्टिन मिळविण्यास सुमारे 500 किलो वाळलेली पाने लागतात. उरलेल्या पाल्यात काय असते? शंभरांहून अधिक अल्कलॉइडे, प्रत्येक पानात निराळ्या प्रमाणात. शेळीसारखे सर्वभक्षी जनावरही सदाफुलीस सहसा तोंड लावीत नाही. आम्ही मात्र ती चाळीस घरी धाडली.

कोणी म्हणेल, आयुर्वेदाचा हा अवमान आहे. मुळीच नव्हे. सर्पगंधा आपल्या वैद्यांची जुनी मुळी. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती पन्नास रुग्णांस देऊन रक्तदाबाची मोजमापे घेतली आणि 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केली. तेव्हा जगाने तिची दखल घेतली. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन निराळे काढले गेले.

वहिनींच्या अंगणात ते रोप अजून आहे. देवाला फुले लागतात, म्हणून उपटू दिले नाही. पाने मात्र कोणी खाऊ नयेत, गर्भवती भगिनींनी तर नाहीच. आणि डॉक्टरांस विचारल्यावाचून कोणीही गोळ्या बंद करू नयेत.

वाणाची रोपे गेली त्या चाळीस घरांपैकी एकोणतीस घरी आम्ही स्वतः जाऊन आलो. सहा घरी पाने खाणे चालू होते. तेथे ते थांबविले आहे. उरलेल्या अकरा घरांची नावे महिला शाखेच्या वहीत लिहिलेली नाहीत. ती मंडळी आज सभागृहात असतील, तर त्यांनी भोजनापूर्वी आम्हांस अवश्य भेटावे. आम्ही दाराजवळच्या बाकावर बसणार आहोत.