सशाची साक्ष



सशाचं नाव काढलं, की पाठीवर पान पडताच आभाळ कोसळलं म्हणून पळत सुटणारा गोष्टीतला ससा आठवतो. अशा भित्र्या प्राण्याची साक्ष कोर्टात कोण मानील? पण ती मानली गेली, आणि तीही खुनाच्या खटल्यात.

जर्मनीच्या उत्तरेस बाल्टिक समुद्रात रूगेन नावाचे बेट आहे. १९०१ च्या उन्हाळ्यात तिथे दोन लहान मुलांचा खून झाला. संशय टेसनो नावाच्या सुतारावर गेला. त्याच्या कपड्यांवर डाग होते. ते लाकडाला द्यायच्या रंगाचे, असे त्याचे म्हणणे. त्या भागात थोड्याच दिवसांपूर्वी कुणीतरी मेंढरेही कापून टाकली होती. आता वाळलेला डाग रक्ताचा असला, तरी ते रक्त माणसाचे की जनावराचे, हे तोवर कुणाला खात्रीने सांगता येत नसे. इकडे दोन मुलांचा जीव गेलेला, तिकडे एका माणसाची मान अडकलेली!

त्याच वर्षी पाउल ऊलेनहूट या जर्मन डॉक्टरांनी एक युक्ती प्रसिद्ध केली होती. सशाला माणसाचे रक्त थोडे थोडे, काही दिवसांच्या अंतराने टोचायचे. त्यातली प्रथिने सशाच्या शरीराला परकी वाटतात. त्यांना धरण्यासाठी ते जे पदार्थ तयार करते, त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. मग सशाचे थोडे रक्त काढून गोठू द्यायचे. दह्यावर निवळ सुटते ना, तसे पिवळसर पाणी वर सुटते. हाच रक्तरस. त्यात माणसाच्या रक्ताचे पाणी मिसळले, की ते गढूळ होते. गाईच्या रक्ताने होत नाही. मेंढीचे रक्त ओळखायचे, तर मेंढीचे रक्त टोचलेला ससा हवा.

ऊलेनहूटांनी टेसनोच्या कपड्यांवरचे डाग असे तपासले. काही माणसाच्या रक्ताचे निघाले, काही मेंढीच्या. त्याचा गुन्हा शाबित झाला.

तुम्ही म्हणाल, ही जुनी गोष्ट झाली. पण आजही संशोधक माणसाच्या शरीरातले एखादे प्रथिन शोधायला सशाचीच मदत घेतात. शरीरात प्रथिने हजारो प्रकारची. त्यांतले नेमके एक हुडकायचे म्हणजे जत्रेत हरवलेला बैल शोधण्यासारखे. एकजण शिंगांवरून ओळखतो, दुसरा कपाळावरच्या टिक्यावरून, तिसरा चालीवरून. सशाची प्रतिपिंडेही अशीच अनेक तऱ्हांची असतात, एकाच प्रथिनाचे निरनिराळे भाग धरणारी. अशा मिश्रणाला पॉलिक्लोनल म्हणतात. प्रथिनाला चिकटलेले सशाचे प्रतिपिंड डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पुष्कळदा त्यावर शेळीचे दुसरे प्रतिपिंड सोडतात. ते सशाच्या प्रतिपिंडाला धरते आणि सोबत आणलेल्या रंगाने किंवा प्रकाशाने खूण पटवते. स्वीडनमध्ये २००३ साली माणसाच्या सर्व प्रथिनांचा नकाशा करण्याचे काम सुरू झाले, तेही मोठ्या प्रमाणावर सशांच्या प्रतिपिंडांवर.

मात्र साक्षीदार कितीही चांगला असो, त्याची उलटतपासणी ही झालीच पाहिजे. दोन बैलांच्या कपाळी सारखाच टिका असला तर? सशाचे प्रतिपिंडही कधी कधी दुसऱ्याच, पण सारख्या दिसणाऱ्या प्रथिनाला धरते. माणसासाठी केलेला रक्तरस वानराच्या रक्तानेही थोडाफार गढूळ होतो. नाते जवळचे ना! शिवाय एका सशाचा रक्तरस संपला, की दुसऱ्याचा अगदी तसाच येत नाही. म्हणून जिथे ते प्रथिन नाहीच, अशा पेशींवर प्रतिपिंड आधी लावून पाहतात. तिथेही खूण उमटली, तर साक्ष खोटी! ही तपासणी टाळली, तर संशोधनाची वर्षे आणि पैसा वाया जातो, नि त्यावर उभे राहणारे निष्कर्षही चुकतात.

शिक्षकबंधूंनो, मुलांना ही गोष्ट सांगाल, तेव्हा सशाची हुशारी सांगाच, पण उलटतपासणीचाही पाठ द्या. एक उत्तर मिळाले म्हणून शास्त्र थांबत नाही. 'हे उत्तर चुकीचे असते, तर मला कळले असते का?' असे ते स्वतःलाच विचारते. कुणाच्या अंगावर डाग आहे, असे म्हणण्यापूर्वी आपणही एवढे विचारायला काय हरकत आहे?