रूळ थांबल्यावर उरणारी वाट



इंदूरला रेल्वे आली ती होळकर दरबाराच्या पैशावर. महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने, एकशे एक वर्षांच्या मुदतीवर कर्जाऊ दिले आणि १८७० च्या दशकात खंडवा-इंदूर हा मीटरगेज मार्ग उभा राहिला. पुढे खंडव्याहून अकोला, पूर्णा असा तो थेट दख्खनेस जाऊन भिडला. माळव्यातील मराठी माणसाला विदर्भ आणि मराठवाडा जवळ आणणारी ती वाट होती. २०२३ च्या प्रारंभी महू ते ओंकारेश्वर रोड ही मीटरगेज गाडीही थांबली. नव्या ब्रॉडगेजला घाटातील जुना चढ झेपणारा नाही. म्हणून तिच्यासाठी वेगळी वाट आखली गेली. साहजिकच प्रश्न उभा राहतो : गाडी गेल्यावर जी अरुंद, लांबच लांब पट्टी मागे उरते, ती कोणाची?

या प्रश्नाला वऱ्हाडातील जनतेने दिलेले उत्तर विचारात घेण्याजोगे आहे. मूर्तिजापूर जंक्शनपासून एका अंगाला अचलपूर ७६ किलोमीटर आणि दुसऱ्या अंगाला यवतमाळ ११३ किलोमीटर, अशी ‘शकुंतला’ धावत असे. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने कापसाच्या वाहतुकीसाठी ही नॅरोगेज घातली. रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी हा मार्ग कंपनीच्या मालकीचाच राहिला. १९२१ साली मँचेस्टरला घडवलेले वाफेचे इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत तिला ओढत होते. गती बैलगाडीशी थट्टेने तोलली जाई. पण एसटीचे भाडे ज्याला जड जाई, त्या शेतमजुराला तीच परवडत असे. गेल्या दशकात आधी यवतमाळची आणि मग अचलपूरची गाडी बंद पडली. त्यावर अचलपूर, अंजनगाव, दर्यापूर या भागातील रहिवाशांनी ‘शकुंतला रेल्वे बचाव सत्याग्रह’ उभारला. त्यांची मागणी स्मारकाची नव्हे. त्याच वाटेवर ब्रॉडगेज घालून गाडी पुन्हा सुरू करावी, ही आहे. जिथे रेल्वे हीच गोरगरिबांची सोय होती, तिथे लोकोपयोग म्हणजे रेल्वेच, असे त्यांचे सरळ म्हणणे आहे.

दुसरे उदाहरण सागरापलीकडचे. सिंगापूर बेटातून मलायाची रेल्वे जात असे. दोन देशांत २०१० साली करार झाला आणि ३० जून २०११ रोजी तंजोंग पगार स्थानकातून शेवटची गाडी सुटली. सुमारे २४ किलोमीटरांची पट्टी मोकळी झाली. जमिनीला जिथे सोन्याचे मोल, तिथे ती तुकड्या-तुकड्यांनी बांधकामाला जाणार, हे उघड होते. परंतु तेथील निसर्गप्रेमी संस्थेने ऑक्टोबर २०१० मध्येच, म्हणजे गाडी थांबण्याच्या आठ महिने आधी, ही वाट सलग हिरवी ठेवावी असा लेखी प्रस्ताव सरकारपुढे ठेवला होता. नागरिक चालत गेले, छायाचित्रे काढली, सभा घेतल्या. सरकारने ऐकले. जुने लोखंडी पूल आणि बुकित तिमा येथील स्थानक राखले गेले आणि ती वाट आज पायी चालणाऱ्यांची आहे.

वऱ्हाडाला गाडी हवी आणि सिंगापूरला सावली. वरवर पाहता या दोन मागण्या परस्परविरोधी वाटतात. मुळात त्या एकाच सत्यावर उभ्या आहेत. अशा पट्टीचे सारे मोल तिच्या सलगपणात असते. मध्ये एक गाळा, एक गोदाम, एक कुंपण आले की वाट संपते आणि उरतात ते निव्वळ भूखंड. मोठमोठ्या रकमा मोजूनही भरवस्तीतून पुन्हा अशी सरळ रेषा काढता येत नाही. अमेरिकेने १९८३ साली कायद्यात दुरुस्ती करून यातून मध्यममार्ग काढला : बंद पडलेली रेल्वेवाट पादचारी आणि सायकलस्वारांसाठी खुली ठेवायची, मात्र पुढे गरज पडल्यास तिथे पुन्हा रूळ घालण्याचा हक्क राखून. म्हणजे आज बाग, उद्या गाडी. पण विक्री नाही.

याला आक्षेप नाहीत असे नव्हे. राखणदारी नसलेली पट्टी कचऱ्याची आणि अतिक्रमणाची धनी होते. रेल्वेलाही आपल्या जमिनीतून उत्पन्न हवे असते. म्हणून ‘वाट राखा’ एवढे म्हणून भागत नाही. राखणार कोण, खर्च कोणाचा, याचे उत्तर मागणाऱ्यांनीच सोबत न्यावे लागते. पाताळपाणी ते काळाकुंड या सुमारे साडेनऊ किलोमीटरांच्या घाटात २५ डिसेंबर २०१८ पासून वारसा-गाडी सुरू झाली, ती जुन्या रुळांना नवे काम मिळू शकते याची घरचीच साक्ष होय. मात्र सहलीची गाडी ही घाटापुरती झाली. घाटाखालच्या गावांतून गेलेल्या जुन्या वाटेचे काय, हे त्या गावांना कोणी तरी विचारायला हवे.

पलासियाच्या रहिवाशांना मार्गिका कशी जन्मते आणि कशी मावळते, हे सांगावयास नको. या चौकातून जाणारी अकरा किलोमीटरांहून लांब बसमार्गिका २०१३ साली सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती हटवण्यास उच्च न्यायालयाने मान्यता दिली. ती असावी की नसावी, याविषयी मतभेद होते आणि राहतील. परंतु सार्वजनिक पट्टी हातची गेल्यावर वाद घालण्यापेक्षा ती हातात असताना तिचा उपयोग ठरवणे अधिक शहाणपणाचे, एवढा धडा त्यातून निश्चित घेता येतो.

शंभर वर्षे टिकलेल्या ग्रंथालयात ही गोष्ट वेगळी समजावून सांगण्याचे कारण नाही. एकेका सभासदाच्या अल्प वर्गणीतून उभी राहिलेली कपाटे कोणा एकाच्या मालकीची नसतात, म्हणूनच ती सर्वांची असतात. त्यातले एकेक पुस्तक घरी नेऊन कोणी परत केलेच नाही, तर ग्रंथालय मोडायला वेगळ्या शत्रूची गरज पडत नाही. रेल्वेची वाटही तशीच तुकड्या-तुकड्यांनी हरवते. अचलपूरच्या सत्याग्रहींनी आणि सिंगापूरच्या पादचाऱ्यांनी केले ते इतकेच : वाट अखंड असतानाच ती आमची आहे, असे सांगितले. माळव्याच्या वाटेसाठी तसे सांगण्याची वेळ अजून टळलेली नाही.