आजारपणाची नोंद आणि आपण स्त्रिया
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



आजच्या शुभदिनी आरोग्यावर चार शब्द बोलावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली. मी डॉक्टर नव्हे, की यंत्रांची जाणकारही नव्हे. पण घरात कोणाला कोणती गोळी सोसत नाही, कोणाची लस केव्हा झाली, हे ज्यांना पाठ असते त्या आपण बायकाच. तेव्हा हल्ली जिला डिजिटल आरोग्यसेवा म्हणतात, तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे मी मानते.

नाव मोठे असले तरी मुळात हे सारे प्रकरण आहे नोंदीचे. रोह्याची मुलगी पेणला दिलेली असते. दिवस राहिले की सासरच्या उपकेंद्रात तिचे नाव लागते. रक्त, लघवी, वजन, रक्तदाब, सर्व तिथे तपासले जाते. पुढे ओटी भरून ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते. कार्ड मात्र सासरी कपाटातच राहते. अपरात्री कळा सुरू झाल्या की डॉक्टर विचारतात, "रक्तगट कोणता? रक्त कमी होते का? दाब वाढला होता का?" सांगायचे कोणी? रोह्याहून अलिबागला आणि तिथून मुंबईला न्यावे लागले, तर तेच प्रश्न आणि त्याच तपासण्या तीनतीनदा. पैसा जातोच, पण वेळ जातो, आणि रक्तस्राव काही वेळेची वाट पाहत नाही.

ही नोंद माणसाबरोबर चालत जावी, हाच या नव्या सोयींचा हेतू आहे. गरोदर स्त्रीची नोंद सरकारी संगणकावर एका क्रमांकाखाली होते. लसीकरणासाठी २०२४ साली 'यू-विन' ही व्यवस्था देशभर सुरू झाली. मूल कोठेही असले तरी झालेल्या आणि राहिलेल्या लसी समजाव्यात, अशी तिची रचना आहे. आपल्याकडे याचे मोल फार. दिवाळी सरली की कातकरी वाड्यांतील कुटुंबे मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडाला परततात. वाडीवर नर्सबाई येते तेव्हा मूल भट्टीवर, आणि भट्टीवर त्याला कोणी ओळखत नाही! अशा मुलाची नोंद त्याच्या मागोमाग गेली, तर त्याची गोवराची लस चुकणार नाही.

कारभाराच्या बाबतीत तर आपला जिल्हा या कामात जुना आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, ती पहिल्याने आठ जिल्ह्यांत. त्यांत रायगड होता. पुढे २०१३ साली ती राज्यभर झाली आणि २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. तो शिधापत्रिका व ओळखपत्र पाहतो, रुग्णाचे कागद संगणकावरून पाठवले जातात आणि मंजुरीही तशीच येते. गरिबाने अर्ज घेऊन कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावेत, ही पाळी त्यामुळे पुष्कळ टळली.

दुसरी सोय 'ई-संजीवनी'ची. २०१९ साली ती आली आणि एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, घरबसल्या डॉक्टरांना विचारण्याची सोयही तिच्यात झाली. उपकेंद्रात बसून पडद्यावर लांबच्या डॉक्टरांशी बोलता येते. त्याला पैसे पडत नाहीत. मधुमेहाचे औषध बदलायचे, अंगावरचा चट्टा दाखवायचा, अशा कामी ती उत्तम. पण पोट चाचपून मूल आडवे आहे का, हे पडद्यावरून कळत नाही. त्याला माणसाचा हातच लागतो. यंत्र आले म्हणून दवाखान्यातल्या डॉक्टरची जागा रिकामी राहिली तरी चालेल, असे कोणी म्हणू लागले तर ते आपण ऐकून घेऊ नये.

भगिनींनो, दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आशाताई आणि नर्सबाई यांना एकच नाव रजिस्टरातही लिहावे लागते आणि मोबाइलमध्येही भरावे लागते. रेंज नसलेल्या वाडीवर हे काम कसे होत असेल, याचा विचार करा. २०२३ साली राज्यातल्या आशाताईंनी संप केला, तेव्हा ऑनलाइन कामाची सक्ती नको, हीही त्यांची एक मागणी होती. काम हलके करण्यासाठी आणलेले साधन बाईच्याच डोक्यावरचा दुसरा हंडा होऊ नये.

यंत्रही आजारी पडते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्ससारख्या मोठ्या रुग्णालयाचे संगणक चोरट्या हल्ल्याने बंद पडले आणि कित्येक दिवस सारे काम हाताने लिहून करावे लागले. तेव्हा संगणकावर नोंद झाली म्हणून कागद चुलीत घालण्याची घाई नको.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगते. आपले नाव ज्या मोबाइलला जोडलेले असते, तो पुष्कळदा यजमानांच्या किंवा मुलाच्या खिशात असतो. म्हणजे आजार आपला आणि त्याची किल्ली दुसऱ्याकडे! बाईच्या काही तपासण्या अशा असतात की त्या कोणाला सांगायच्या, हे तिचे तिने ठरवावे. सरकारचे 'आभा' खाते निघते, त्याचा चौदा अंकी क्रमांक असतो. ते काढणे ऐच्छिक आहे, आणि आपल्या संमतीवाचून त्यातली नोंद दुसऱ्या डॉक्टरला दाखवायची नाही, असा त्याचा नियम आहे. पण संमतीचा आकडा ज्याच्या फोनवर येतो, संमती त्याचीच ठरते. म्हणून शक्य असेल तिने स्वतःचा नंबर द्यावा, आणि तो आकडा परक्याला कधीही सांगू नये.

मंडळाला माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, प्रत्येक घरी आजारपणाची एक वही असावी. तीत रक्तगट, न सोसणारी औषधे, लसी आणि हे क्रमांक लिहावेत, आणि लेक माहेरी निघाली की तिचे पान उतरून तिच्या पिशवीत घालावे. दुसरी, शिकलेल्या मुलींनी आठवड्यातून एक दुपार मंडळात बसून वडीलधाऱ्या बायकांना हे सारे समजावून द्यावे. तिसरी, दिवाळीनंतर स्थलांतराला निघणाऱ्या वाड्यांवर आशाताईंबरोबर आपल्यापैकी दोघीतिघींनी जावे आणि मुलांचे क्रमांक आयांच्या हाती लिहून द्यावेत.

यंत्र आठवण ठेवील. पण ती आठवण कोणाच्या कामी यावी, हे पाहणे आपल्याकडे आहे.