लॅटिन नृत्याचा वर्ग निवडतांना

कळमेश्वरसारख्या तालुक्याच्या गांवीं राहून लॅटिन नृत्याचा वर्ग कसा निवडावा, या विषयावर माझ्यासारख्या निवृत्त गणित-शिक्षकानें बोलावें, याचें आपणांस हसूं येईल. मलाही आलें होतें. पण माझी भाची येथील औद्योगिक वसाहतींत नोकरी करते. ती एके दिवशीं म्हणाली, "मामाजी, मला साल्सा शिकायचा आहे. क्लास पाहायला तुम्ही चला न." तिच्या आईची अट होती कीं, कोणी वडीलधारें सोबत असल्याखेरीज परक्या पुरुषाच्या हातांत हात देऊन नाचायला जायचें नाहीं. अट मला जुनाट वाटली; पण तींत एक खरा प्रश्न दडलेला होता, हें पुढें समजलें.

प्रथम नृत्याविषयीं थोडें. लॅटिन हें कांहीं एका नृत्याचें नांव नव्हे. रुम्बा आणि चा-चा-चा हे क्यूबाचे, सांबा ब्राझीलचा, बचाटा डोमिनिकन प्रजासत्ताकाचा. साल्सा क्यूबाच्या संगीतांतून निघाला खरा, पण त्याला आजचें नांवरूप मिळालें तें १९६० ते १९७५ च्या सुमारास, न्यूयॉर्कमधील क्यूबन व पोर्तोरिकन वादकांच्या हातून. त्याची मोजणी आठांची: एक, दोन, तीन, विराम, पांच, सहा, सात, विराम. केरव्याच्या आठ मात्रा ज्याच्या कानांत आहेत, त्याला हें अगदींच परकें वाटूं नये. शिवाय असले ठेके आपल्या घरांत आणण्यांत मराठी माणसांचाही हात होता. नागपुरांत शंकरराव सप्रे यांच्याजवळ शिकलेल्या सी. रामचंद्रांनीं १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटांत बोंगो वापरला, आणि भगवानदादा नाचले.

गांवांतला वर्ग एका दुकानावरच्या माळ्यावर होता. भिंतीभर आरसे, रंगीत दिवे, दारावर "पंधरा दिवसांत साल्सा" अशी पाटी, आणि सहा महिन्यांचें शुल्क आगाऊ. मुलें सुरेख नाचत होतीं. मीं गुरुजींना विनंती केली कीं, एखादें निराळें गाणें लावा आणि मोजणी तोंडानें म्हणूं नका. गाणें सुरू झालें, आणि बारा जणांपैकीं एकालाही पहिली मात्रा सांपडेना. पाढे पाठ करून घेतले होते, गणित शिकविलेंच नव्हतें. पायांत सर्वांच्या रबरी तळव्यांचे बूट. रबर जमीन धरून ठेवतें. शरीर वळतें, पाऊल वळत नाहीं, आणि पीळ गुडघ्याला बसतो. याविषयीं तेथें कोणी अवाक्षर बोललें नाहीं.

मग आम्ही नागपूर गांठलें. वीस-पंचवीस किलोमीटर कांहीं लांब नव्हेत. पण वर्ग सुटतो रात्रीं साडेआठला, आणि परतीची काळजी शुल्काच्या पावतीवर छापलेली नसते. तेथें दर पांच मिनिटांनीं जोड्या बदलत. एका फेरीला एक मुलगी समोरच्या गृहस्थांना पाहून मान हलवून मागें सरली. शिक्षिकाबाईंनीं कारण विचारलें नाहीं, समजूत घातली नाहीं, थट्टाही केली नाहीं. त्या स्वतः त्या गृहस्थांपुढें जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चला, माझ्याबरोबर." पुढच्या फेरीला ती मुलगी पुन्हां उभी राहिली. माझ्या ताईची अट जें मागत होती, तें मला येथें दिसलें. आणि तें माझ्या पहाऱ्यापेक्षां अधिक भरंवशाचें, कारण मी दर वेळीं सोबत थोडाच असणार!

तेव्हां वर्ग पाहायला जाल, तर पुढच्या रांगेंतल्या तरबेज मुलांकडे पाहूं नका. चुकणाऱ्या नवख्याशीं गुरु कसा वागतो आणि कोणी "नको" म्हटलें कीं काय होतें, तें पाहा. शुल्क एका महिन्याचेंच द्या. असा गुरु आपल्याच गांवांत मिळाला, तर माळ्यावरची खोलीही पुरे. आरशांवांचून कांहीं अडत नाहीं.

आम्हीं रविवारचा सकाळचा वर्ग पत्करला. इतर दिवशीं सराव घरींच, ओसरीवर चालतो. गेल्या आठवड्यांत भाचीची मोजणी हुकली. ताईनें तीस वर्षें भजनांत टाळ धरलेले, ती स्वयंपाकघरांतूनच ओरडली, "अगं, थांब जराशी. हं, आतां टाक पाऊल!"