कागदावरची मोटार आणि रस्त्यावरची

दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, अरवलीच्या पायथ्याशी, मानेसर वसले आहे. एकेकाळी शेतीवर जगणारे हे गाव आज मोटारीवर जगते. 2007 साली मारुती सुझुकीचा कारखाना येथे सुरू झाला आणि सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यांची वस्ती भोवती वाढत गेली. येथेच 'आयकॅट' ही मोटारींची परीक्षा घेणारी संस्था आहे. नव्या घडणीची मोटार बाजारात येण्यापूर्वी तिचे ब्रेक, दिवे, धूर, आवाज हे सारे अशा संस्थेत पारखले जाते. पुण्याची एआरएआय ही तिची थोरली बहीण म्हणावी.

परंतु वेगाच्या शोकिनाला ही पारख हा केवळ आरंभ वाटतो. टर्बो असलेल्या इंजिनाचा कारभार आता एका लहानशा संगणकाकडे असतो. त्यातील आज्ञा बदलल्या की टर्बो अधिक दाबाने हवा कोंबतो, इंधनही त्या प्रमाणात वाढते आणि तेच इंजिन पूर्वीपेक्षा बरीच अधिक शक्ती देऊ लागते. मग मोकळा सायलेन्सर येतो, ताठ स्प्रिंगा येतात, रुंद चाके येतात. हौसेला मोल नसते हे खरे. पण ही मोटार विकण्याची वेळ येते, तेव्हा मोल विचारले जातेच.

जुन्या मोटारींचा व्यापारी वर्ष, मॉडेल आणि किलोमीटर पाहून आकडा सांगतो. फेरफारांवर झालेला खर्च त्याच्या हिशेबात येत नाही. उलट गाडी बेदरकारपणे हाकली असेल या शंकेने तो दोन पैसे कमीच करतो. त्याची शंका निराधार नसते. इंजिनाची शक्ती वाढविली, तरी क्लच आणि गिअरबॉक्स मूळ जोराच्या अंदाजानेच घडविलेले असतात. म्हणून अशी मोटार बहुधा खासगी रीतीने, एका शोकिनाकडून दुसऱ्याकडे जाते. ज्या मालकाने काढलेले मूळ भाग जपून ठेवले असतील, तो येथे शहाणा ठरतो. ते परत बसवून मोटार पूर्ववत विकता येते आणि नवे भाग निराळे विकून त्यांचेही काही पैसे सुटतात. पुष्कळांना हे सुचते. पण मूळ सायलेन्सर तोवर भंगारवाल्याकडे गेलेला असतो!

खरी अडचण मात्र पैशाची नाही. अशा व्यवहारात वस्तुतः दोन मोटारी विकल्या जातात. एक नोंदणी-प्रमाणपत्रात वर्णिलेली आणि दुसरी दारात उभी असलेली. मोटार वाहन कायदा, 1988 याचे 52 वे कलम या दोहोंत अंतर पडू देत नाही. उत्पादकाने मूळ ठरविलेल्या आणि प्रमाणपत्रात नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत असा फेरफार मालकाला करता येत नाही. दुसऱ्या इंधनाची जोडणी किंवा दिव्यांग व्यक्तीसाठी केलेले बदल असे अपवाद आहेत, तेही रीतसर. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ असाच कडक लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेविली. अर्थात 'आहे तशी' विकलेली मोटार हा निव्वळ दोघांमधला सौदा राहत नाही. नवा मालक पैसे मोजून जुन्याचा दोषही घरी नेतो. तो त्याला आधी सांगणे ही सभ्यता झाली. तो दूर करून मग विकणे अधिक बरे.

विकणारा मात्र किल्ल्या दिल्या की सुटलो असे समजतो. तसे होत नाही. 2009 साली मागे घेतल्या जाणाऱ्या एका मारुती 800 मोटारीखाली एक मुलगा दगावला आणि त्याच्याबरोबरची स्त्री जखमी झाली. नोंदणी ज्याच्या नावावर होती, त्याचे म्हणणे असे की मोटार आपण 2007 सालीच विकली. पुढे ती आणखी हातांतून फिरली होती. पण नाव कोणी बदलले नव्हते. पंजाब व हरयाणा उच्च न्यायालयाने त्याला मोकळे केले. सर्वोच्च न्यायालयाने 6 फेब्रुवारी 2018 रोजी तो निर्णय फिरविला. नोंदवहीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच, असे ठरले. अपघातग्रस्त कुटुंबाने मोटारीच्या खऱ्या धन्याचा माग काढीत दारोदार फिरावे, हे न्यायालयाला मान्य नव्हते. ही तर साधी, लहानशी मोटार होती. तिच्या जागी वाढीव शक्तीची, नवख्याच्या हाती पडलेली मोटार असती तर, हा विचार विकणाऱ्याने अवश्य करावा.

त्यासाठी कायद्याने मुदती घालून दिल्या आहेत. राज्यातल्या राज्यात विक्री झाली, तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत नोंदणी-अधिकाऱ्याला कळवावयाचे, घेणाऱ्याने तीस दिवसांत. नमुना 29 आणि 30 हे त्याचे कागद. मानेसरची मोटार पुण्याचा गृहस्थ घेऊ लागला, तर हरयाणाचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे, महाराष्ट्राचा कर हवा आणि नवा क्रमांकही. कर्ज असेल तर त्याचा बोजा आधी उतरवावा लागतो. विमा चौदा दिवसांत आपल्या नावे करून घेण्यासाठी घेणाऱ्याने अर्ज करावयाचा असतो; फेरफार विमा कंपनीला सांगितलेले नसतील, तर मोटारीच्या नुकसानीच्या वेळी तिला हरकतीला आयतीच जागा मिळते.

हे सारे 'तो करील' म्हणून घेणाऱ्यावर सोपविण्याची रीत फार. सरकारच्या 'परिवहन' संकेतस्थळावर क्रमांक घालून अर्ज कोठवर आला हे विकणाऱ्याला घरबसल्या पाहता येते. ज्यांनी ते पाहिलेले नसते, त्यांना बातमी निराळ्या मार्गाने कळते: विकून टाकलेली मोटार कोठे तरी भरधाव जाते, रस्त्यावरचा कॅमेरा तिचा क्रमांक टिपतो आणि दंडाची सूचना मानेसरात जुन्या धन्याच्या फोनवर येऊन पडते.