शिंपल्यांचा खुराक

परसातली कोंबडी पातळ कवचाची अंडी घालू लागली की आपण कण्या, कोंडा वाढवतो. त्यानं पोट भरतं, कवच भरत नाही. एका कवचाला सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम लागतं, तेही बहुतेक रात्री. खाद्यात कमी पडलं तर बिचारी स्वतःच्या हाडांतून काढते. म्हणून तिसऱ्यांचं कालवण झालं की शिंपल्या फेकू नका. धुऊन, भाजून, जाडसर कुटून संध्याकाळी वेगळ्या भांड्यात ठेवा. कोंबडी हवं तेवढंच टिपते. पिल्लांना मात्र हा चुरा नको, मूत्रपिंडं बिघडतात.

कॅल्शियमबरोबरच अंडी घालणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात प्रथिनं १६ ते १८ टक्के हवीत. त्यासाठी आपल्याकडे सुकट हाताशी असते खरी, पण खारवलेली टाळा. मीठ जास्त झालं की विष्ठा पाण्यासारखी होते.